नव्वदीत खरंच हात थरथरतात का?

बॅट्समन नव्वदीत पोचला की कॉमेंट्री बॉक्समधला आवाज बदलतो, नर्व्हस नाइन्टीज हा शब्द यायचाच, कॅमेरा ड्रेसिंग रूमकडे जातो आणि आपणही नकळत पुढे सरकून बसतो. तो आऊट झाला की लगेच ‘बघ, प्रेशर’. आणि शंभर झाले की प्रेशरचं नाव कुणी काढत नाही, सरळ सेलिब्रेशन. म्हणजे एका बाजूच्या इनिंग्ज पुरावा म्हणून जमा होतात आणि दुसऱ्या बाजूच्या मोजल्याच जात नाहीत. मला खेळातल्या आकड्यांचं वेड लागलं ते साधारण इथूनच. अशी कुठलीही समजूत ऐकली की मी एकच गोष्ट विचारतो, की समजा यात काहीच तथ्य नसतं, तर आपल्याला मैदानावर काय दिसलं असतं? बहुतेक वेळा उत्तर असं निघतं की आत्ता दिसतंय ना, अगदी तेच दिसलं असतं.

सचिनचंच घ्या, कारण त्याच्या नव्वदीच्या जखमा आपल्या सगळ्यांच्या आहेत. २००७ मध्ये वनडेत तो तीन वेळा ९९ वर आऊट झाला. तीन वेळा! ते वर्ष ज्यांनी बघितलंय त्यांना नव्वदीची धाकधूक ही अंधश्रद्धा आहे असं सांगून बघा, मारायला धावतील. पण जरा कागद-पेन घेऊन बसू. टेस्टमध्ये त्याची शतकं ५१ आणि नव्वदीत संपलेल्या इनिंग्ज १०. म्हणजे तो नव्वदपर्यंत पोचला ६१ वेळा आणि त्यातल्या १० वेळा शंभरच्या आत गेला, साधारण १६ टक्के. आता काहीच विशेष घडत नसतं तर किती वेळा गेला असता? ॲव्हरेज म्हणजे शेवटी काय, एका विकेटमागे किती रन. टेस्टमध्ये त्याचं ५३.७८, म्हणजे दर ५४ रनांमागे एकदा आऊट. या वेगाने कुठल्याही दहा रनांच्या टप्प्यात आऊट व्हायची शक्यता निघते साधारण १७ टक्के. १७ अपेक्षित, १६ प्रत्यक्षात. इतका तंतोतंत मेळ बसेल असं मला वाटलं नव्हतं, मी गणित पुन्हा करून बघितलं.

वनडेत चित्र थोडं वेगळं आहे. तिथे ४९ शतकं आणि १८ वेळा नव्वदीत, त्यातला एकदा नाबाद, म्हणजे ६७ पैकी १७ वेळा आऊट, २५ टक्के. ४४.८३ च्या ॲव्हरेजने अपेक्षा येते २० टक्क्यांची. म्हणजे अख्ख्या करिअरमध्ये तीन-साडेतीन इनिंग्जचा फरक. एवढा फरक नुसत्या योगायोगानेही सहज पडतो, आणि शिवाय वनडेत नव्वदपर्यंत पोचेपर्यंत बऱ्याचदा ओव्हर संपत आलेल्या असतात, फटके मारावेच लागतात, समोर ९५ असोत की ५५. त्या विकेटचं खापर शतकाच्या दडपणावर फोडायचं की शेवटच्या ओव्हर्सवर, हे नुसत्या स्कोअरकार्डवरून कळत नाही.

या गणितात एक खरी अडचण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. बॅट्समन आल्या आल्या सगळ्यात जास्त कच्चा असतो, सेट झाल्यावर त्याला काढणं अवघड जातं. त्यामुळे नव्वदवर खेळणाऱ्या माणसाची तुलना त्याच्या एकूण ॲव्हरेजशी करणं थोडं त्याच्या बाजूने झुकलेलं आहे. चांगली तुलना म्हणजे सत्तर ते ऐंशी, ऐंशी ते नव्वद आणि नव्वद ते शंभर असे टप्पे शेजारी शेजारी ठेवायचे, तेही एका बॅट्समनचे न घेता शेकडो जणांचे. पण या ढोबळ हिशोबातूनही एवढं नक्की कळतं की १० वेळा आणि १८ वेळा हे आकडे ऐकायला जितके भयंकर वाटतात तितके ते नाहीत. इतक्या वेळा नव्वद गाठणारा माणूस इतक्या वेळा तिथे आऊट होणारच. सत्तरीत तो किती वेळा गेला हे कुणाला आठवतं? त्या दहा रनांना कुणी नावच दिलं नाही.

उलट्या टोकाला ब्रॅडमन. टेस्टमध्ये २९ शतकं आणि नव्वदीत एकदाही आऊट नाही. याला पोलादी मन म्हणायचा मोह होतो. पण ९९.९४ ॲव्हरेजच्या माणसासाठी दहा रनांत आऊट व्हायची शक्यताच साडेनऊ टक्के, म्हणजे तीनएक वेळा तो नव्वदीत जायला हवा होता, आणि एकदाही न जाण्याची शक्यता येते साडेपाच टक्क्यांच्या आसपास. दुर्मिळ आहे, अशक्य बिलकुल नाही. त्याचं मन पोलादी असेलही, पण या एका आकड्यावरून ते सिद्ध होत नाही.

टॉसबद्दल थोडक्यात. टॉस जिंकला की अर्धी मॅच जिंकली, हे आपण पाळण्यापासून ऐकतो. डी सिल्वा आणि स्वार्ट्झ या संशोधकांनी १९९७ मध्ये वनडे मॅचेस तपासल्या आणि त्यांना टॉस जिंकण्याचा काही फायदा सापडला नाही, होम टीम असण्याचा मात्र ठळक सापडला. म्हणून टॉस कधीच महत्त्वाचा नसतो का? तसंही नाही. २०२१ च्या टी-२० वर्ल्ड कपमध्ये दुबईत जवळपास प्रत्येक मॅच चेस करणाऱ्या टीमने जिंकली, फायनलसकट. सरासरीत न दिसणारी गोष्ट एखाद्या ठरावीक ठिकाणी, ठरावीक वेळेला, दव पडत असताना दिसू शकते, त्यामुळे मी ‘टॉसने काही फरक पडत नाही’ असं सरसकट बोलणाऱ्यांच्याही विरोधात आहे.

आता कोच बदलायची गोष्ट. फुटबॉलमध्ये टीम लागोपाठ हरायला लागली की मॅनेजरची हकालपट्टी होते, नवा येतो, आणि टीम जिंकायला लागते. हे डोळ्यांना दिसतं, आकड्यांतही दिसतं, मग यात खोटं काय? खोटं काहीच नाही, फक्त प्रश्न अर्धा विचारलाय. बास टेर वील या अर्थशास्त्रज्ञाने डच लीगच्या १९८६ ते २००४ या काळातल्या नोंदी घेतल्या आणि एक फार सुंदर गोष्ट केली. ज्या टीम्सचा फॉर्म तसाच घसरला होता पण ज्यांनी मॅनेजरला ठेवलं, त्यांचं पुढे काय झालं तेही बघितलं. त्यांचाही फॉर्म परत आला, तेवढाच, साधारण तेवढ्याच वेळात. मॅनेजरला काढतात कधी, तर टीम स्वतःच्या कुवतीपेक्षा खाली गेलेली असताना. तिथून वर येणं हेच सगळ्यात स्वाभाविक आहे, नवा माणूस आला तरी आणि नाही आला तरी.

हे सरासरीकडे परत येणं एकदा लक्षात आलं की ते सगळीकडे दिसायला लागतं. पहिला सीझन झकास गेलेला प्लेअर दुसऱ्या सीझनला ढेपाळतो, मॅगझिनच्या कव्हरवर झळकला की त्याला नजर लागते, कोचने झापलं की पोरगं सुधारतं आणि कौतुक केलं की बिघडतं. शेवटचं मला सगळ्यात जास्त छळतं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांना इस्रायली हवाई दलातल्या ट्रेनर्सनी हेच सांगितलं होतं, की आम्ही स्तुती केली की पुढचं उड्डाण वाईट होतं आणि ओरडलो की चांगलं होतं, म्हणजे ओरडणंच बरं. काहनेमन यांच्या लक्षात आलं की असाधारण चांगल्या उड्डाणानंतरचं उड्डाण तसंही कमी चांगलं असणार आणि फार वाईटानंतरचं तसंही बरं असणार, ओरडा किंवा ओरडू नका. विचार करा, किती मैदानांवर किती मुलांनी या एका गैरसमजापोटी शिव्या खाल्ल्या असतील. आणि शिव्या देणाऱ्याला मनापासून वाटत असणार की माझा अनुभव आहे, मी डोळ्यांनी बघितलंय. त्याचा अनुभव खराच आहे, फक्त न ओरडता काय झालं असतं हे त्याने कधी बघितलेलंच नसतं. आकडे वगैरे नुसती करमणूक आहे असं कुणी म्हणालं की मला ही मुलं आठवतात.

पण आकडेवालेही चुकतात, आणि कसे चुकतात हे बघणं मला समजुती मोडण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. यातला सगळ्यात मोठा किस्सा बास्केटबॉलचा, हॉट हँडचा. लागोपाठ दोन-तीन बास्केट पडल्या की त्या प्लेअरचा हात गरम झालाय, बॉल त्यालाच द्या. १९८५ मध्ये गिलोविच, व्हॅलोन आणि ट्वर्स्की या तिघा मानसशास्त्रज्ञांनी हे तपासलं. त्यांनी शंभर बास्केटबॉल फॅन्सना विचारलं तर ९१ जण म्हणाले की होय, आधीचे दोन-तीन शॉट पडले असतील तर पुढचा पडायची शक्यता वाढते. मग त्यांनी एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्स टीमचे १९८०-८१ च्या सीझनचे शॉट बघितले. लागोपाठ तीन पडल्यावर पुढचा पडण्याचं प्रमाण सरासरी ४६ टक्के, आणि लागोपाठ तीन हुकल्यावर ५६ टक्के. चक्क उलटं! मॅचमध्ये गरम झालेल्या प्लेअरला डिफेन्स जास्त घेरतो हे मान्य, म्हणून त्यांनी कॉर्नेल युनिव्हर्सिटीच्या २६ प्लेअर्सना समोर कुणी डिफेंडर नसताना प्रत्येकी शंभर-शंभर शॉट मारायला लावले. तिथेही फरक अगदी किरकोळ. निष्कर्ष निघाला की हॉट हँड हा मनाचा खेळ आहे, आपल्याला निव्वळ योगायोगातही पॅटर्न दिसतात. बॉस्टन सेल्टिक्स टीमचे गाजलेले माजी कोच रेड आउअरबाख यांनी हा अभ्यास साफ उडवून लावला, आणि पुढची तीस वर्षं पुस्तकांतून, लेक्चर्समधून त्यांचं नाव घेतलं जायचं ते पुरावा समोर असूनही न ऐकणारा माणूस म्हणून.

आणि मग मिलर आणि सानहुर्हो या दोन अर्थशास्त्रज्ञांनी या हिशोबातली एक खोच दाखवली, त्यांचा पेपर २०१८ मध्ये छापून आला. ती खोच इतकी साधी आहे की घरी बसून तपासता येते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. नाणं तीन वेळा उडवा. आठ शक्यता. प्रत्येक शक्यतेत बघा की छाप्यानंतर लगेच जे पडलं त्यात छापा किती टक्के. छापा-छापा-छापा असेल तर छाप्यानंतर दोन वेळा उडवलं आणि दोन्ही वेळा छापा, म्हणजे १०० टक्के. छापा-छापा-काटा, तर ५०. छापा-काटा-छापा, शून्य, कारण पहिल्या छाप्यानंतर काटा पडला आणि शेवटच्या छाप्यानंतर काहीच उडवलं नाही. छापा-काटा-काटा, शून्य. काटा-छापा-छापा, १००. काटा-छापा-काटा, शून्य. उरलेल्या दोन शक्यतांत छाप्यानंतर काही येतच नाही, त्या सोडून द्या. आता या सहांची सरासरी काढा: १००, ५०, ०, ०, १००, ०. येते ४१.७ टक्के. पन्नास नाही! नाणं एकदम सच्चं आहे, तरी. सगळ्या शक्यतांतले छाप्यानंतरचे टॉस एकत्र ओतले तर ते आठ भरतात आणि त्यात चार छापे, बरोब्बर पन्नास टक्के. पण प्रत्येक छोट्या मालिकेची टक्केवारी वेगळी काढून मग त्यांची सरासरी घेतली की छाप्यांची गर्दी असलेली मालिका आणि छाप्यांचा दुष्काळ असलेली मालिका, दोघींना सारखंच वजन मिळतं आणि आकडा खाली येतो.

शंभर शॉटमध्ये, तीन लागोपाठ पडल्यानंतरचे शॉट निवडून, एकेका प्लेअरची टक्केवारी काढली की हेच होतं. ज्याचा हात कधीच गरम होत नाही अशा प्लेअरचाही आकडा तीन बास्केटनंतर त्याच्या नेहमीच्यापेक्षा कमी दिसणार आणि तीन हुकल्यानंतर जास्त. म्हणजे ‘काहीच नसतं तर काय दिसलं असतं’ याचं जे उत्तर सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, दोन्ही सारखे दिसतील, तेच चुकीचं होतं. ही दुरुस्ती केल्यावर कॉर्नेलच्या त्याच जुन्या शॉट्समधून तीन पडल्यानंतर आणि तीन हुकल्यानंतर यांच्यात सुमारे १३ टक्क्यांचा फरक निघाला, हॉट हँडच्या बाजूने. तेच शॉट, तेच प्लेअर, फक्त हिशोब दुरुस्त. ट्वर्स्की १९९६ मध्येच गेले, त्यांना हे बघायला मिळालं नाही, आणि त्यांच्यासारख्या माणसाने यावर काय म्हटलं असतं याचं मला मनापासून कुतूहल आहे.

मधल्या काळात एनबीएमध्ये प्रत्येक प्लेअरची जागा टिपणारे कॅमेरे आले. २०१४ मध्ये हार्वर्डच्या एका टीमने तो डेटा घेऊन दाखवलं की प्लेअर फॉर्मात आला की तो लांबून आणि अवघड शॉट मारायला लागतो, डिफेंडरही जवळ येतो, आणि शॉट किती अवघड होता हे धरून हिशोब केला तर गरम हाताचा फायदा दिसतो. पण केवढा? एक ते अडीच टक्क्यांचा. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. म्हणजे फॅन्स म्हणत होते ते थोडं खरं निघालं, पण ज्या आवेशाने म्हणत होते तेवढं मॅचमध्ये नाही. हॉट हँड आहे की नाही हा प्रश्न तीस वर्षं हो-नाही असा लढवला गेला, खरी माहिती मात्र ‘किती’ मध्ये होती.

सॅम्पल केवढं, म्हणजे किती मॅचेस तपासल्या, याबद्दलही असंच. फुटबॉलच्या पेनल्टी शूटआऊटमध्ये जी टीम आधी मारते तिला फायदा, हे २०१० मध्ये १२९ शूटआऊट तपासून सांगितलं गेलं, पहिली टीम ६०.५ टक्के वेळा जिंकते म्हणे. नंतरच्याला बरोबरी साधायचं दडपण, पटतंही लगेच. दोन वर्षांनी दुसऱ्या संशोधकांनी ५४० शूटआऊट गोळा केले तर आकडा आला ५३.३, जो योगायोगापासून वेगळा काढता येत नाही. तोपर्यंत चर्चा इतकी पुढे गेली होती की २०१७ मध्ये टेनिसच्या टायब्रेकसारखा क्रम (पहिली टीम एकदा, मग दुसरी दोनदा, मग पहिली दोनदा) बदलून बघायचे प्रयोग सुरू झाले, इंग्लंडमधल्या आर्सेनल आणि चेल्सीच्या कम्युनिटी शील्ड मॅचमध्ये तो वापरला गेला, आणि २०१८ च्या शेवटी ते प्रयोग बंदही झाले. मला हे सगळं चांगलंच वाटतं. कुणीतरी शंका काढली, मोजली, दुसऱ्याने चौपट मोजली. टीव्हीवरच्या पॅनेलमध्ये हे कधी होतं?

प्रेक्षकांच्या बाबतीत मात्र आकड्यांनी मला सगळ्यात जास्त हलवलं. घरच्या मैदानावर फायदा होतो, हे खरंच आहे. पण कशामुळे? आपण म्हणतो पब्लिकच्या आवाजाने प्लेअर पेटतात. २००२ मध्ये नेव्हिल हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४० फुटबॉल रेफ्रींना लिव्हरपूल आणि लेस्टर यांच्या मॅचमधले ४७ टॅकल व्हिडिओवर दाखवले, काहींना पब्लिकच्या आवाजासकट, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी होम टीमविरुद्ध १५.५ टक्के कमी फाऊल दिले. टॅकल तेच! मग २०२० आलं, १६ मे ला जर्मनीची फुटबॉल लीग बुंडेसलिगा रिकाम्या स्टँड्ससमोर सुरू झाली, आणि कुणी मुद्दाम करू शकला नसता असा प्रयोग आपोआप झाला. त्या सीझनमध्ये होम टीम जिंकण्याचं प्रमाण साधारण ४३ टक्क्यांवरून ३३ वर आलं. पुढे वेगवेगळ्या लीगच्या अभ्यासांत दिसलं की बाहेरून आलेल्या टीमला मिळणारी पिवळी कार्डंही कमी झाली. म्हणजे आपण स्टँडमध्ये घसा फोडून ओरडतो ते पोचतं, फक्त आपल्याला वाटतं त्या कानापर्यंतच पोचतं असं नाही, शिट्टी ज्याच्या तोंडात आहे त्याच्यापर्यंतही पोचतं. तो बिचारा मुद्दाम काही करत नसतो.

आणि एक आकडा असा आहे जो माहीत होऊनही कुणाच्या फारसा उपयोगी पडत नाही. बार-एली आणि सहकाऱ्यांनी २८६ पेनल्टी तपासल्या. जवळजवळ २९ टक्के किक मधोमध येतात, गोलकीपर मात्र मधे उभा राहतो फक्त ६ टक्के वेळा, आणि मधे थांबला तर त्याची अडवण्याची टक्केवारी ३३, डावी-उजवीकडे झेप घेतली तर १३-१४. मग सगळे उभेच का राहत नाहीत? एक कारण साधं आहे, सगळे उभे राहायला लागले तर मधे मारणार कोण, सगळे कोपरे धरतील आणि ते ३३ टक्के उडून जातील. दुसरं कारण त्या संशोधकांनी मांडलं ते असं, की झेप घेऊन गोल झाला तर गोलकीपरने प्रयत्न तरी केला, आणि जागचा न हलता गोल झाला तर तो नुसता बघत राहिला. हजारो लोकांसमोर हे दुसरं सोसणं किती कठीण असेल याचा हिशोब कुठल्याच टेबलमध्ये येत नाही, आणि झेप घेणाऱ्याला मी तरी मूर्ख म्हणणार नाही. पण पुढच्या शूटआऊटला एखादा गोलकीपर शांतपणे मधे उभा राहिलेला दिसला, आणि बॉल बाजूने आत गेला, तर त्याला शिव्या घालायच्या आधी ते सहा टक्के आठवा. तो बहुतेक स्टॅट्स वाचून आलाय.